व्हायोलिन सोडून व्हायोला घ्यावा का? बडोद्याच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १७ वर्षांची, बारावीत, घर बडोद्यात. आधी चार वर्षं मांडी घालून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकली, मग तीन वर्षं पाश्चात्त्य पद्धतीने, आणि ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांची) सहावी ग्रेड झाली आहे. उंची ५ फूट २ इंच. शिक्षकांनी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य, सुचवलं: "व्हायोला घे, व्हायोलावाले कुठे मिळतच नाहीत, मुंबईत लगेच काम लागेल." वडील म्हणतात, आधी बी.कॉम. कर. आईने विचारलं आहे: व्हायोला वाजवून पोट भरतं का, आणि मुलीने आता वाद्य बदलावं का?

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र झाल्यामुळेच घरात वाद होतो आहे. वाद्य बदलावं का, याचं उत्तर सहा महिन्यांत आणि थोड्या खर्चात मिळू शकतं. पोट भरेल का, याचं उत्तर मिळायला पाच-सात वर्षं जातात, आणि त्यात वाद्यापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा वाटा मोठा असतो. ती म्हणजे, मुलीला दर आठवड्याला इतरांबरोबर बसून वाजवायला मिळतं का. मला तुमच्या प्रश्नातला खरा अडसर तिथे दिसतो.

आधी "व्हायोलावाले मिळत नाहीत" याबद्दल. हे शाळा-कॉलेजच्या आणि हौशी वाद्यवृंदांपुरतं खरं आहे. तिथे व्हायोलिनवाले रांगेत उभे असतात आणि व्हायोलाच्या खुर्च्या रिकाम्या असतात. व्यावसायिक पातळीवर चित्र उलटं होतं. पूर्ण आकाराच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात साधारण १६ पहिले व्हायोलिन, १४ दुसरे व्हायोलिन, १२ व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बास असतात. म्हणजे ३० व्हायोलिनना १२ व्हायोला. जागाच निम्म्याहून कमी, आणि एकदा बसलेला वादक निवृत्त होईपर्यंत उठत नाही. म्हणून एखाद्या चांगल्या वाद्यवृंदात व्हायोलाची एक जागा सुटली की उमेदवारांची कमतरता नसते. त्यात बरेच जण व्हायोलिनवरून आलेले असतात आणि त्यांनी ती वाट बाराव्या-चौदाव्या वर्षीच धरलेली असते. व्हायोलिनमध्ये मागे पडलेल्यांचा आसरा म्हणून व्हायोला घेतला, तर ही स्पर्धा झेपत नाही. त्याचा आवाज आवडला म्हणून घेतला तर गोष्ट वेगळी.

त्यामुळे पहिली कसोटी साधी ठेवा. चार वाद्यांचं एखादं क्वार्टेट ऐकताना तिचा कान वरच्या सुरावटीकडे जातो की मधल्या आवाजाकडे? व्हायोलाचं आयुष्य मधल्या आवाजात जातं. सुरावट बहुतेक वेळा दुसऱ्याकडे असते. आपण हार्मनीचा (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा) मधला सूर धरायचा, लय आतून चालती ठेवायची, आणि कधीतरी चार मात्रांपुरतं पुढे यायचं. ज्यांना यात रस वाटतो ते तीस-तीस वर्षं आनंदाने वाजवतात. ज्यांना नाही, त्यांना दोन वर्षांत कंटाळा येतो. मोझार्ट आणि बेथोव्हेन दोघंही व्हायोला वाजवत. चेक संगीतकार द्वोर्झाक तर १८६२ पासून १८७१ पर्यंत प्रागच्या थिएटर ऑर्केस्ट्रात नोकरी करणारा व्हायोलावादक होता आणि शिकवण्या घेऊन घर चालवत होता. वाद्यवृंद आणि शिकवण्या ही जोडी तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही.

आता वाद्याबद्दल. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथल्या चुका शरीरावर निघतात.

व्हायोलाच्या तारा खालून वर सी, जी, डी, ए अशा लावतात. व्हायोलिनपेक्षा हे पंचमाने खाली. व्हायोलिनचा सांगाडा (मान सोडून पेटीची लांबी) सुमारे ३५.५ सेंटिमीटर असतो. पंचमाने खालच्या आवाजाला न्याय द्यायचा तर तो दीडपट, म्हणजे ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवा. तेवढं वाद्य हनुवटीखाली धरता येत नाही. म्हणून व्हायोला ३८ ते ४३ सेंटिमीटरचा, म्हणजे १५ ते १७ इंचांचा करतात. आवाजाला पेटी थोडी अपुरी पडते, आणि त्याचा तो किंचित घोगरा, दाणेदार रंग त्यातूनच येतो. वादकाला त्याची किंमत हातांनी मोजावी लागते. खालची सी तार आपणहून बोलत नाही, तिला बोलतं करावं लागतं.

५ फूट २ इंच उंचीला अडचण नाही, मात्र १६ किंवा १६.५ इंची वाद्य केवळ आवाज मोठा म्हणून घेऊ नका. दोन चाचण्या करून बघा. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे न्यावा. कोपर किंचित वाकलेलं असताना बोटं शेवटच्या गोल डोक्याभोवती सहज वळली पाहिजेत. मग पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात डोक्याजवळच्या पहिल्या जागी असताना) सी तारेवर करंगळी ठेवावी. मनगट बाहेर कोसळत असेल किंवा अंगठा वाद्याच्या मानेला करकचून धरत असेल तर वाद्य मोठं आहे. तिच्यासाठी बहुधा १५ किंवा १५.५ इंच ठीक पडेल. त्या मापातही चांगल्या कारागिराचं वाद्य घसघशीत बोलतं. नुसती लांबीच बघू नये, खांद्यांची रुंदी आणि पेटीची जाडीही बघावी. रुंद खांद्यांचा छोटा व्हायोला वरच्या पोझिशनला हात अडवतो.

व्हायोलिनवरून आलेली मुलं पहिल्या महिन्यात हमखास दोन चुका करतात. पहिली गजाची. व्हायोलिनच्या सवयीने गज भराभर आणि हलका ओढतात, मग सी तार नुसती फुसफुसते. ते जाणवलं की उलट दिशेने जातात आणि दाबतात, तेव्हा आवाज गुदमरतो. व्हायोलाचा गज सुमारे ७० ग्रॅमचा असतो, व्हायोलिनचा ६० च्या आसपास. हे दहा ग्रॅम वापरायचे असतात. दंडाचं वजन तारेवर सोडायचं, गज सावकाश ओढायचा, आणि खालच्या तारांवर घोडीपासून जरा दूर राहायचं. जाड तार उशिरा बोलते, म्हणून मात्रेवर आवाज यायला हवा असेल तर गज आधीच तारेत रुतलेला हवा. वाद्यवृंदात व्हायोला मागे राहतात अशी तक्रार असते. तिचं कारण पुष्कळदा इतकंच असतं.

दुसरी चूक डाव्या हाताची. तार व्हायोलिनच्या सुमारे ३३ सेंटिमीटरऐवजी ३६-३७ सेंटिमीटर लांब, म्हणून बोटांतली अंतरं वाढतात. मूल चारही बोटं ताणून एकदम ठेवायला जातं आणि दोन महिन्यांत करंगळीच्या मुळाशी दुखायला लागतं. व्हायोलावर हात पसरून बसत नाही, तो सरकत आणि उघडत-मिटत चालतो. गरज नसेल ते बोट तारेवरून उचलायचं. सी तारेवर जाताना कोपर वाद्याखालून उजवीकडे आणायचं. मान वाकवायची नाही. हनुवटीचा आधार आणि शोल्डर रेस्ट पुन्हा नव्याने बसवून घ्यावी लागतात, व्हायोलिनची जशीच्या तशी चालत नाहीत. दुखणं रियाझ संपल्यावर तासाभरातही राहिलं तर तो दिवस थांबायचं. सहन करून पुढे जाण्याची आपल्याकडे फार वाहवा होते. व्हायोलाच्या बाबतीत त्या सवयीने खांदे आणि मनगटं बिघडतात.

मग लिपी. व्हायोलाचं संगीत अल्टो क्लेफमध्ये लिहितात (क्लेफ म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते सांगणारं ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह). त्यात मधल्या रेषेवर मिडल सी असतो. वर गेलं की मधूनच ट्रेबल क्लेफ, म्हणजे व्हायोलिनचा क्लेफ, येतो. व्हायोलिनवाल्यांमध्ये एक क्लृप्ती फिरत असते: पानावरचा स्वर व्हायोलिनच्या तिसऱ्या पोझिशनमध्ये आहे असं समजून बोट ठेवायचं, व्हायोलावर पहिल्या पोझिशनमध्ये बरोबर स्वर वाजतो. गणिताने हे अगदी बरोबर आहे आणि पहिल्या दिवशी गंमत वाटते. पण पोझिशन बदलली, शार्प-फ्लॅट आले की गोंधळ उडतो, आणि पान पाहून पहिल्याच फटक्यात वाजवायची वेळ आली की पाय घसरतो. स्वरांची नावं अल्टो क्लेफमध्येच मोठ्याने म्हणून वाचायची, रोज पंधरा मिनिटं. सहा ते आठ आठवड्यांत डोळा बसतो.

तिच्या हिंदुस्थानी तालमीबद्दल तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलं आहे, "चार वर्षं वाया गेली का?" म्हणून. मुळीच नाहीत. बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली आणि अखिल भारतीय संगीत परिषदही पहिल्यांदा १९१६ मध्ये इथेच भरली. त्या गावातला कान हा व्हायोलाला फार उपयोगी पडणारा कान आहे. कारण सांगते.

हार्मनीत व्हायोलाकडे पुष्कळदा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) तिसरा स्वर, म्हणजे षड्जाच्या हिशेबाने शुद्ध गंधार असतो. हा गंधार पियानोवर जिथे असतो तिथे वाजवला तर तार-वाद्यांच्या गटात तो टोचतो. नैसर्गिक गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, खाली असतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. पियानोवर वाढलेल्या मुलांना तो शिकवताना महिने जातात. तुमच्या मुलीने तो चार वर्षं ऐकलेला आहे. तिला फक्त एवढं शिकायचं आहे की इथे षड्ज दर दोन मात्रांनी बदलतो आणि आपला स्वर आता कुणाचा गंधार, कुणाचा पंचम आहे हे चालता चालता ओळखायचं असतं.

मात्र काही सवयी सोडाव्या लागतील. मींडेची सवय असली की पोझिशन बदलताना स्वर ओढला जातो, आणि पाश्चात्त्य संगीतात तो लिहिल्याशिवाय किंवा ठरवल्याशिवाय चालत नाही. मांडी घालून वाजवताना वाद्याचं डोकं पायावर टेकलेलं असतं, डाव्या हातावर भार नसतो. इथे उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, शिवाय आणखी जड वाद्य. आणि समेवर येण्याचं स्वातंत्र्य इथे नाही. लय कंडक्टरच्या काठीत असते, काठी आवाजाच्या किंचित आधी पडते, आणि शेजारच्याबरोबर एकाच गजाने, एकाच जागी वाजवायचं असतं. हे घरी बसून शिकता येत नाही.

म्हणून मी सहा महिन्यांचा प्रयोग सुचवते. वाद्य विकत घेऊ नका. भाड्याने मिळवा किंवा कुणाचं तरी वापरायला घ्या. व्हायोलिन सोडू नका. पहिले तीन महिने दिवसाला तासभर व्हायोला आणि तासभर व्हायोलिन, नंतर व्हायोला दोन ते अडीच तास. एका बैठकीत ४५ मिनिटांपेक्षा जास्त नको. सुरुवातीची पंधरा मिनिटं फक्त मोकळ्या तारा, सी तारेपासून, गज पूर्ण लांबीचा आणि मेट्रोनोम ६० वर. मग दोन सप्तकांचे स्केल, मग क्रॉयत्झरच्या व्हायोला आवृत्तीतला दुसरा एट्यूड (सरावाचा तुकडा) वेगवेगळ्या गजकामाने. रचना म्हणून टेलेमानचा जी मेजर कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) आणि बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रेल्यूड पुरे. चेलो आणि व्हायोलाच्या तारा एकाच नावाच्या, फक्त सप्तकाचा फरक, म्हणून हा प्रेल्यूड व्हायोलावर जसाच्या तसा बसतो.

सहा महिन्यांनी तिचं वाजवणं एखाद्या व्यावसायिक व्हायोलावादकाला समोर बसून ऐकवा. व्हायोलिनवादकाला नको, रेकॉर्डिंग पाठवून नको. आणि त्यांना नेमकं विचारा: सी तार बोलते का? हात मोकळा आहे का? लय स्वतःची आहे का? "छान वाजवते" या उत्तरावर समाधान मानू नका.

आता बडोद्याची अडचण. महाराजा सयाजीराव विद्यापीठातली संगीताची परंपरा मुख्यतः हिंदुस्थानी संगीत, नृत्य आणि नाट्याची आहे. पाश्चात्त्य व्हायोलाचं शिक्षण आणि आठवड्याला बसणारा वाद्यवृंद यांसाठी मुंबईकडेच बघावं लागतं. गाडीने चार-पाच तास. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार जाऊन शिकणं शक्य आहे, थकवणारं आहे, पण शक्य आहे. मधल्या आठवड्यांत बडोद्यातच दोन व्हायोलिनवाले आणि एक चेलोवाला गाठून दर रविवारी क्वार्टेट वाचायला बसवा. चेलो मिळाला नाही तर दोन व्हायोलिन आणि व्हायोला अशी त्रयी करा, द्वोर्झाकने नेमक्या याच तीन वाद्यांसाठी एक तेर्त्सेत्तो लिहिलेला आहे. पातळी साधारण असली तरी हरकत नाही. आपल्या वाट्याची ओळ धरून ठेवणं, चुकलं तर न थांबता परत सापडणं, दुसऱ्याच्या श्वासावर सुरू करणं, हे तिथेच येतं.

आणि आता पोटाचा प्रश्न.

भारतात पगारी, पूर्णवेळ व्हायोलाच्या खुर्च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मुंबईच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये) २००६ पासून असलेली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हे मुख्य ठिकाण. तिचे मोठे हंगाम वर्षातून साधारण दोन, आणि त्या वेळी परदेशातून पुष्कळ वादक येतात. वर्षभर राहणारा गट लहान असतो. बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ पासून आहे, पण तो उदरनिर्वाहाचा मार्ग नाही. तिथे वाजवून अनुभव आणि ओळखी मिळतात, आणि सुरुवातीला त्याच हव्या असतात. त्यामुळे "मुंबईत लगेच काम लागेल" हे वाक्य मी तरी म्हणणार नाही.

चित्रपटांचं रेकॉर्डिंग हा पूर्वी मोठा आधार होता. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांच्या पिढ्यांनी तार-वाद्यांचा विभाग उभा केला होता. आज बरंचसं काम संगणकातल्या ध्वनिनमुन्यांवर होतं. खऱ्या तारा हव्या असल्या तर चेन्नईत किंवा थेट बुडापेस्ट, स्कोप्येसारख्या ठिकाणी रेकॉर्ड करून घेतात. तरीही काम आहे, पण ते शिफ्टच्या हिशेबाने, आज आहे उद्या नाही असं. तिथे टिकायला वेगळे गुण लागतात: पान पहिल्यांदा बघून दुसऱ्या टेकला बिनचूक वाजवणं, कानातल्या क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर) घट्ट राहणं, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचणं, आणि गरज पडली तर व्हायोलिनही वाजवणं. या शेवटच्या कारणासाठी मी व्हायोलिन पूर्ण सोडू देत नाही.

लग्न-समारंभातली क्वार्टेटं हंगामी असतात, पैसे बरे मिळतात, वाद्याचे मात्र हाल होतात. उरली शिकवणी. खरं सांगायचं तर भारतातल्या बहुतेक पाश्चात्त्य तार-वादकांचं घर शिकवणीवर चालतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. बडोद्यासारख्या शहरात व्हायोलिन नीट पकडायला शिकवणारा माणूस दुर्मीळ असतो. त्यासाठी तिने आठवी ग्रेड आणि पुढे डिप्लोमा करून ठेवावा, पालक आणि शाळा ते कागद बघतात. एक गैरसमज मात्र दूर करते: आठवी ग्रेड म्हणजे व्यावसायिक होणं नव्हे. परदेशी संगीत विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ती साधारण उंबरठ्यापर्यंत आणते.

परदेशाचा विचार असेल तर जर्मनी आधी बघा. तिथे सार्वजनिक निधीवर चालणारे सुमारे १३० वाद्यवृंद आहेत, आणि बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत फी नाममात्र असते. अपवाद आहेत, त्यांतला एक बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. खर्च राहण्याचा आहे. व्हिसासाठी वर्षभराचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंटमध्ये) दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा लागू आहे. तुम्ही निघाल तेव्हा तो पुन्हा तपासून घ्या. प्रवेश परीक्षेला साधारण एक कन्चेर्तो, बाख, एक एट्यूड किंवा दुसऱ्या काळातली रचना लागते, शिवाय संगीतसिद्धांत आणि थोडा पियानो. इथली मुलं पियानो आणि सिद्धांतात अडकतात, वाजवण्यात नाही. म्हणून पियानो आजपासून सुरू करा, आठवड्याला एक तास पुरे. अनेक ठिकाणी वयाची मर्यादा असते, त्यामुळे बी.ए., बी.कॉम. आणि मग एम.कॉम. झाल्यावर बघू, असं चालत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणची फी सामान्य घराला न झेपणारी. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत १९२८ पासून सर्व विद्यार्थ्यांची ट्यूशन फी माफ आहे, पण तिथे जागा अगदी थोड्या.

शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी ऑडिशन असते. ती कशी असते हे आत्ताच माहीत असलेलं बरं. पहिल्या फेरीत पडद्यामागून वाजवायचं असतं, बहुतेक वेळा होफमाइस्टर किंवा श्टामिट्झच्या डी मेजर कन्चेर्तोची पहिली मूव्हमेंट (रचनेचा पहिला भाग). दोन मिनिटांत "धन्यवाद" ऐकू येऊ शकतं. पुढच्या फेरीत बार्टोक, वॉल्टन किंवा हिंडेमिथ, आणि मग वाद्यवृंदातले उतारे. मेंडेलसोहनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'चा स्केर्त्सो, मोझार्टच्या ३५ व्या सिंफनीची शेवटची मूव्हमेंट, श्ट्राउसच्या 'डॉन ह्वान'चं पहिलं पान आणि बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या दुसऱ्या मूव्हमेंटची सुरुवात, हे जवळजवळ सगळीकडे येतात. बेथोव्हेनचे ते आठ-दहा बार सोपे दिसतात आणि सगळ्यात जास्त उमेदवार तिथेच गळतात. टिंबाची (लांब-आखूड स्वरांची) लय हळूहळू तीन समान भागांकडे झुकते, गज बदलताना ओळ तुटते, आणि गोड वाजवण्याच्या नादात लय मागे पडते. परीक्षक वेगाला भुलत नाहीत. ते आधी लय ऐकतात, मग सुरेलपणा, मग आवाज. जर्मनीत निवड झाल्यावरही साधारण वर्षभर चाचणीचा काळ असतो आणि शेवटी सहकारी मत देतात. त्या वर्षात बघितलं जातं ते असं: शेजाऱ्याच्या आवाजात मिसळता का, पुढच्या स्टँडवरचं गजकाम न सांगता उचलता का, पेन्सिल बरोबर आणता का.

वाद्याच्या खर्चाबद्दल थोडं, कारण तिथे फसवणूक होते. पहिलं वाद्य विकत घ्यायची वेळ आली तर ऑनलाइन चकचकीत व्हायोला घेऊ नका. साधं पण घोडी, साऊंडपोस्ट (पेटीच्या आतला छोटा लाकडी खांब) आणि खुंट्या जाणकाराने बसवलेलं वाद्य घ्या. निम्मा आवाज त्या बसवण्यात असतो. तारा एकाच संचातल्या असाव्यात असं नाही, बरेच जण ए तार लार्सनची आणि सी तार स्पिरोकोरची लावतात, कारण वरची तार कर्कश आणि खालची मंद, ही व्हायोलाची जुनी दुखणी आहेत. गजासाठी सुरुवातीला चांगला कार्बन फायबरचा गज घ्या. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि जुलैत कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर होतात, तिथे लाकडी गज वाकतो. रियाझ झाला की गज सैल करायचा. वाद्य ठेवायच्या पेटीत आर्द्रतामापक ठेवायचा आणि ४० ते ६० टक्क्यांत राहायचं. पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात ओलावा देणारी नळी. उन्हात उभ्या गाडीत वाद्य दहा मिनिटंही ठेवायचं नाही, सरस मऊ होऊन कडेचा जोड सुटतो. जोड सुटला तर घरी फेव्हिकॉल लावू नका. वाद्य कारागीर मुद्दाम पुन्हा उघडता येईल अशा सरसाने जोडतात. फेव्हिकॉलचा जोड पुढच्या दुरुस्तीत लाकूड घेऊन निघतो. आणि नवरात्रात गरब्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर जायचं असेल तर कानात बोळे घालूनच. तिचं भांडवल तो कान आहे.

बी.कॉम.चं काय, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे, घरात मात्र तोच पहिला प्रश्न असणार. माझं मत असं. बारावी नीट होऊ द्या. परीक्षेनंतरचे सहा महिने हा प्रयोग करा आणि त्याच वेळी कॉमर्सला प्रवेशही घेऊन ठेवा, दोन्ही एकत्र निभतात. सहा महिन्यांनी जाणकाराने "सी तार बोलते, हात मोकळा आहे, लय स्वतःची आहे" असं म्हटलं, आणि तिला स्वतःला रविवारच्या क्वार्टेटची ओढ लागली असेल, तर अठरा ते बावीस ही चार वर्षं व्हायोलाची आहेत. पदवी मुक्त विद्यापीठातून किंवा नंतरही होते. त्या वर्षांत रोज चार तासांपेक्षा कमी वाजवलं तर पुढे ऑडिशनच्या रांगेत उभं राहता येत नाही. जाणकाराचं उत्तर अर्धवट आलं तर बी.कॉम. पूर्ण करू द्या, व्हायोला चालू ठेवा, शिकवणीची तयारी करा. तिच्या वडिलांना यातला एक भाग मात्र आत्ताच सांगा: पहिल्या सहा महिन्यांचा खर्च भाड्याचं वाद्य, महिन्यातून दोन मुंबई फेऱ्या आणि शिकवणीची फी एवढाच आहे, आणि तोपर्यंत कुठलाही रस्ता बंद होत नाही.

मुंबईला पहिल्यांदा जाल तेव्हा तिच्याबरोबर तिचं व्हायोलिनही न्या. शिक्षक आधी त्यावर तिचा हात बघतील, आणि कुठल्या मापाचा व्हायोला भाड्याने घ्यायचा ते तिथेच सांगतील.